खालचे सहा दात

"अजून उघडा तोंड, मावशी. अजून. हां, अस्सं."

गयानं तोंड उघडलं आणि ती पोरगी आत बघून खूश झाली. मी समोरच उभा होतो. दुसऱ्याच्या दुखण्याकडं बघून एवढं खूश झालेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. पांढरा कोट, डोक्यावर हिरवी टोपी, हातात आकड्यासारखी वाकडी सळई. गयाच्या खालच्या दातांवर तिनं सळईनं टकटक केलं आणि पलीकडच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीला हाक मारली.

"मयुरी, इकडं ये ना. बघ तर. अगं, दगडाचा पूल झालाय नुसता. मागून दातच दिसत नाहीत!"

मैत्रीण आली, वाकली. "आईशप्पथ! कुठून मिळाली ही?"

"माझी आहे," पोरगी म्हणाली.

माझी बायको खुर्चीत आडवी, तोंड वासलेलं, डोळ्यांवर दिव्याचा झोत. आणि या दोघी तिच्या तोंडात डोकावून हरखलेल्या.

"ओ मॅडम," मी म्हणालो, "बाजारातली शेळी न्हाई ती. बाई हाये. जित्ती हाये."

पोरगी लाजली. "सॉरी दादा. तसं नाही म्हणायचं मला."

नम्रता शेजुळ. कोटावर पट्टी होती. सरकारी दाताच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. चेहरा आमच्याकडचाच, भाषा शहरात येऊन धुतलेली. तिनं गयाचा केसपेपर उचलला, त्याला मागं टाचलेली चिठ्ठी वाचली आणि तिचा चेहरा पडला. चिठ्ठी घेऊन ती तिच्या सरांकडं गेली. सरांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि लांबूनच ओरडले, "हार्टची केस आहे. विद्यार्थ्यांनी हात लावायचा नाही. अकरा नंबरला पाठवा."

आम्ही दातांसाठी आलोच नव्हतो. गयाच्या छातीतली झडप खराब होती. लहानपणी सांधे धरून ताप आलेला, त्यातच ती झडप गेली, असं हार्टच्या हॉस्पिटलातल्या सराफ डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोन लेकरं झाली तोवर कुणाला पत्ता नव्हता. मग पाण्याची कळशी घेऊन चार पायऱ्या चढली की बसायची. एकतीस वर्षांची बाई, आणि झोपताना मागं दोन उशा लागायच्या. सराफ डॉक्टर सज्जन माणूस. म्हणाले, झडप बदलायची, सरकारी योजनेत बसतंय, एक रुपया लागणार नाही, अठ्ठावीस डिसेंबरला ऑपरेशन. फक्त त्याआधी दातांच्या सरकारी डॉक्टरची चिठ्ठी आणा, की दात-हिरड्या साफ आहेत, कुठं पू नाही.

"साहेब, झडप छातीत," मी म्हणालो होतो. "दाताचं काय काम?"

"हिरडीतले जंतू रक्तात उतरतात आणि झडपेवर जाऊन बसतात. नव्या झडपेवर बसले तर माणूस हाती लागत नाही. चिठ्ठीशिवाय मी टेबलावर घेणार नाही."

गयाला अकराव्या वर्षापासून मिसरी. तिच्या आईनंच तव्यावर तंबाखू जाळून पहिल्यांदा बोटाला लावून दिली होती, दाढ दुखते म्हणून. वीस वर्षांत दातांवर दगड चढला होता. चिठ्ठीचं ऐकल्या दिवशी तिनं मिसरीची डबी चुलीत टाकली आणि मला ब्रश आणायला लावला. गुलाबी ब्रश. लेकरं हसली तिला.

अकरा नंबरच्या दारावर पाटी होती, "दंत आरोग्यक". आत टाकळकर मॅडम. पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. दात साफ करायचं मशीन त्यांच्या ताब्यात. एक खुर्ची, एक मशीन, एक जाडजूड वही. वही उघडून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "एकोणीस फेब्रुवारी."

"मॅडम, ऑपरेशन अठ्ठावीस डिसेंबरला हाये."

"मग त्यांना सांगा, पुढं ढकला."

"झडप पुढं ढकलती का?"

त्यांनी चष्मा लावून माझ्याकडं पाहिलं. मग आवाज खाली आणला. "दोन वाजल्यानंतर मी अर्जंट करते. मशीनची सुई मला बाहेरून आणावी लागते, सरकार देत नाही. तेराशे होतील. दोन बैठका. सहा दिवसांत चिठ्ठीवर सही करून देते."

"पावती?"

"पावती पाहिजे तर फेब्रुवारी."

"बाहेर बोर्डावर मोफत लिहिलंय."

"तपासणी मोफत लिहिलंय. नीट वाचा. साफसफाई शोभेच्या कामात धरतात, ती योजनेत नाही."

"शोभेच्या?" माझा आवाज चढला. "हिला काय सिनेमात काम करायचंय? साहेबानं लिहून दिलंय, ह्याच्याबिगर मरंल म्हणून!"

"मला ओरडू नका. बोर्ड मी रंगवला नाही."

गयानं माझी बाही ओढली. "अवो, द्या ना. हायेत ना तुमच्यापाशी."

होते. जिनिंगवरून दोन हजारांची उचल घेऊन आलो होतो. कापसाचा हंगाम चालू होता, मालकानं दिली. शर्टाच्या आतल्या खिशात होते, घामानं भिजलेले.

पण मी कसा होतो ते सांगतो. रेशन कार्डासाठी तलाठ्यानं दोनशे मागितले तेव्हा मी तहसीलच्या दारात आठ दिवस बसलो होतो. मीटरसाठी वायरमननं हात पुढं केला तेव्हा चार महिने अंधारात काढले, पण दिले नाहीत. गावात मला पावतीदादा म्हणायचे. थट्टेनं म्हणायचे, मला ती पदवी वाटायची. आठ दिवस तहसीलच्या दारात मी बसलो होतो, पण त्या आठ दिवसांत घर गयानं चालवलं. चार महिने अंधारात स्वयंपाक तिनं केला. हे तेव्हा कुणी मोजलं नाही.

"वरचा एक पैसा देणार न्हाई," मी टाकळकर बाईंना म्हणालो. "तुमची लेखी तक्रार करतो."

"करा. आवक-जावक वरच्या मजल्यावर आहे." त्या वहीत खाली बघून म्हणाल्या. "पुढचा."

बाहेर बाकावर गया छातीवर हात ठेवून बसली. मी कागद मागायला निघालो तोच मागून चपलांचा आवाज आला. ती शेजुळ पोरगी. टोपी काढलेली, धाप लागलेली.

"दादा, थांबा. तेराशे मागितले ना?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"सगळ्यांना माहीत आहे." तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि आम्हाला जिन्याखाली घेऊन गेली. "मी फुकट करून देते. एकोणीस तारखेला माझी परीक्षा आहे, शेवटची. प्रत्येकानं आपापला पेशंट आणायचा असतो, दातांवर भरपूर दगड असलेला. बाहेरचे परीक्षक येतात, त्यांच्यासमोर साफ करून दाखवायचं. मागच्या वेळी माझी पेशंट आलीच नाही. ऐनवेळी फोन बंद. नापास. सहा महिने गेले, दादा. माझे वडील एसटीच्या डेपोत टायर बदलतात."

"अन् तुमचे सर हात लावायचा न्हाई म्हणले ते?"

"नवीन केसपेपर काढू. दहा रुपये मी भरते. त्यावर हार्टचं लिहायचं नाही. परीक्षकांनी विचारलं तर आजार काही नाही म्हणायचं, एवढंच. मावशींना मी तासभर आधी कॅप्सूल देईन, जंतूंची. पुस्तकात तसंच सांगितलंय, हार्टच्या पेशंटला देतात. घाबरायचं काही नाही."

गया म्हणाली, "बाई, नक्की ना?"

"देवाशप्पथ, मावशी. आणि दादा, तुमचा रोज बुडतो, एसटीचं भाडं... पंधराशे देते मी. सगळेच देतात. काही जण तर दोन हजार देतात."

मला हसू फुटलं. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर. एका दारात त्याच दातांचे तेराशे द्यायचे आणि जिन्याखाली त्याच दातांचे पंधराशे घ्यायचे!

"फक्त एक," पोरगी म्हणाली, "तोवर कुठंच साफ करून घ्यायचे नाहीत. ब्रशसुद्धा नको. चूळ भरा. मला दगड असाच्या असा पाहिजे. हिरडीतून येतं ना रक्त, तेही दिसलं पाहिजे. त्याला मार्क असतात."

"बारा दिवस?" गया म्हणाली.

"बाराच दिवस."

एकोणीसला परीक्षा, त्याच दिवशी चिठ्ठी, अठ्ठावीसला ऑपरेशन. मधे नऊ दिवस शिल्लक. मी बोटांवर हिशेब केला आणि तिच्याकडून पाचशे आगाऊ घेतले. गया जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. "मला वाटतं," ती म्हणाली, "त्या बाईला देऊन टाकू. आजच्या आज एक बैठक व्हईल. माझं मन म्हणतंय."

"तुझं मन काय म्हणतंय ते राहू दे," मी म्हणालो. "सरकारी दवाखान्यात लाच देऊन दात घासायचे? त्यापरीस मेलेलं बरं."

हे वाक्य मी बोललो होतो. याच शब्दांत.

एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला मी सगळी गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. तो मांडीवर थाप मारून हसला. "शाब्बास! सरकारलाच दात दाखवले की तुम्ही." गया खिडकीला टेकून झोपेचं सोंग घेऊन बसली होती.

घरी आल्यावर मी गुलाबी ब्रश उचलून फडताळावर ठेवला, तिचा हात पुरणार नाही अशा जागी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मलाच माझ्या तोंडाची घाण येऊ लागली. लेकराचा मुका घ्यावा वाटंना. एकदा घासू द्या, हळूच."

"दगड हालला तर ती पोरगी नापास व्हईल."

"अन् म्या?"

मी हसण्यावारी नेलं. "तू पास झालेलीच हायेस."

चौदा तारखेला संध्याकाळी तिचं अंग तापलं. सकाळी उतरलं. पंधराला पुन्हा. हुडहुडी भरायची, मग घाम. मी मेडिकलातून तापाच्या गोळ्या आणल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिनं सतरा तारखेला मला जिनिंगवर निघताना अडवलं.

"त्या पोरीला फोन करा. सांगा ताप येतोय म्हणून."

"अन् तिनं दुसरी बाई धरली तर? मग कुठं जायचं? पुन्हा त्या टाकळकरणीच्या पाया पडायचं?"

"मग सराफ साहेबांना तरी."

"साहेब ऑपरेशन पुढं ढकलतील. थंडीचा ताप हाये, येतोय सगळ्यांना. दोन दिवस काढ."

तिनं दोन दिवस काढले. काढायला सांगितलेलं सगळंच ती काढायची.

एकोणीसला सकाळी कॉलेजच्या त्या हॉलबाहेर लग्नघर होतं नुसतं. बाकांवर पेशंटांची रांग आणि प्रत्येकाच्या उशाला एकेक डॉक्टर पोरगं. कुणी पोहे भरवतंय, कुणी चहा फुंकून देतंय, कुणी हात धरून बसलंय, पळून जाऊ नये म्हणून. जावयाची होत नाही अशी बडदास्त. आमच्या शेजारी एक म्हातारबाबा बसले होते, धोतर, काळेकुट्ट दात, मजेत वडापाव खात.

"पहिलीच खेप का?" त्यांनी मला विचारलं.

"व्हय. तुमची?"

"चौथी." त्यांनी बोटं दाखवली. "माझं तोंड म्हंजे ह्या कॉलेजचं शेत हाये बघा. दर साल पीक येतंय. कुणी सगळं कापत न्हाई. हा पोरगा थोडं कापतो, पुढच्याला थोडं ठिवतो."

मी खदाखदा हसलो. गया हसली नाही. तिनं साडीचा पदर अंगाभोवती घट्ट घेतला होता. नम्रतानं चार कॅप्सूल दिल्या, पाण्याची बाटली दिली. "मावशी, हात गरम लागतोय तुमचा."

"उन्हात बसली व्हती मघाशी," मी म्हणालो.

नम्रता क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. तिला कळलं होतं, असं मला आता वाटतं. पण साडेनऊ वाजले होते आणि आतून नंबर पुकारत होते.

परीक्षक बाहेरगावचे होते. उतारवयाचे, हळू बोलणारे, हात गरम पाण्यानं धुऊन आलेले. त्यांनी नम्रताचा कागद वाचला, मग तिला बाजूला व्हायला सांगून स्वतः गयाच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसले. असं बसून आमच्याशी तोवर त्या इमारतीत कुणी बोललं नव्हतं.

"नाव काय बाई?"

"गया."

"काय करता?"

"शेतात रोजानं जाते. जायची."

"जायची म्हणजे? आता का नाही?"

गयानं पदर आणखी घट्ट ओढला.

"धाप लागते का? ताप वगैरे येतो का संध्याकाळी? हृदयाचं काही? लहानपणी सांधे सुजले होते का?"

एकामागून एक. जणू तिच्या छातीत बघूनच विचारत होते. आजवर सगळ्या डॉक्टरांनी मिळून जे विचारलं नव्हतं ते त्या माणसानं एका दमात विचारलं. नम्रताच्या हातातली सळई ट्रेमध्ये पडून वाजली. गयानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत साधी विचारणा होती, दुकानात वस्तू हातात धरून बायका नवऱ्याकडं बघतात तशी. घेऊ का?

"न्हाई सर," मी म्हणालो. "ठणठणीत हाये. रातच्याला जागरण झालं तिला, बाकी काही न्हाई."

परीक्षक माझ्याकडं वळले. "मी त्यांना विचारतोय."

"न्हाई," गया म्हणाली.

त्यांनी कागदावर सही केली आणि पुढच्या खुर्चीकडं गेले.

चाळीस मिनिटं मशीन किरकिरत होतं. गया मुठी आवळून पडून होती. रक्त आलं, नम्रतानं कापसानं टिपलं, पुन्हा आलं. मग तिनं गयाच्या हातात आरसा दिला. खालचे समोरचे सहा दात, पांढरे, सुट्टे सुट्टे, तांदळाच्या दाण्यांसारखे. गयानं ओठ खाली ओढून स्वतःलाच पाहिलं. तिचे दात मी लग्नानंतर पहिल्यांदा बघत होतो. परीक्षक आले, बॅटरी मारून बघितलं, "सुरेख काम," म्हणाले. आणि घंटा झाली. सगळी पोरं मशीनं बंद करून उठली.

"अन् बाकीचे?" मी विचारलं.

नम्रता हातमोजे काढत होती. तिचा चेहरा उजळला होता. "परीक्षेला एवढंच असतं, दादा. सहा दात. वेळच नसतो ना."

"तुम्ही म्हणला व्हता साफ करून देते."

"देणारच आहे. उद्या या. मी सरांना विनवते."

"चिठ्ठी?"

"सगळं तोंड झाल्याशिवाय चिठ्ठीवर सही नाही होणार..." ती थांबली. "दादा, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

म्हातारबाबा दारातून जाता जाता मला हात करून गेले.

तिनं राहिलेले हजार रुपये दिले. मी घेतले.

रात्री शहरातच गयाच्या मावसबहिणीकडं राहिलो. दुसऱ्या दिवशी हॉलला कुलूप. दुसऱ्या तुकडीच्या परीक्षेची तयारी, अठ्ठावीसपर्यंत एकही खुर्ची मिळणार नाही. नम्रता जिन्याखाली उभी राहून रडत होती. "सर म्हणाले, कुठली पेशंट, आधीचा केसपेपर दाखव. दाखवला तर दोन कागद समोर येतील. माझी परीक्षा रद्द होईल, दादा."

मी तिला शिव्या दिल्या. तिनं खाल मानेनं ऐकून घेतल्या. मग मी गयाचा दंड धरून अकरा नंबरला गेलो आणि टाकळकर बाईंच्या वहीवर तेराशे रुपये ठेवले. तिथं माझी मान मोडली असं मला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा वरचे पैसे देत होतो.

"घ्या. करा साफ. पावती नको."

त्यांनी पैशांकडं पाहिलं नाही. गयाकडं पाहिलं. उठून आल्या, तिच्या गालाला हाताची पालथी बाजू लावली, मग मनगट धरलं. "हिला ताप आहे. किती दिवस झाले?"

"सहा," गया म्हणाली. "सातवा."

"मी हात लावणार नाही."

मी आणखी दोनशे ठेवले. "हे घ्या. पंधराशे."

"अहो, तसं नाही—"

"मग कसं? किती पायजे? दोन हजार? एकदाच सांगा तुमचा भाव!"

"उचला ते पैसे," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाजही चढला होता. "मी घेते पैसे, खोटं कशाला बोलू? पण तापात हार्टच्या पेशंटला मी घेत नाही. आणि हे खालचे सहा कुणी केले? कधी केले? कालचं ताजं दिसतंय हे."

मी उलट ओरडायला लागलो. व्हरांड्यात जाऊन, गर्दी जमवून ओरडलो. बघा लोकहो, गरिबाच्या बायकोला तडफडत ठेवून भाव वाढवून मागतात बघा. लोक जमले. कुणी मोबाइल काढला. कुणी म्हणालं, बरोबर बोलतोय माणूस. मला जोर आला. तलाठी, वायरमन, सगळे काढले. मी फार चांगलं बोललो त्या दिवशी. टाकळकर बाई दारात उभ्या राहून फक्त एवढंच म्हणत होत्या, "अहो, तिला घेऊन जा. सराफांकडं न्या. रिक्षा करा. माझी तक्रार उद्या करा." अर्धा तास मला त्यांचे शब्द ऐकू आले, पण ते शब्द मला डाव वाटत होते.

मग गया भिंतीला घासत खाली बसली. गर्दी तिच्याकडं वळली. तेव्हा माझं तोंड थांबलं.

सराफ डॉक्टरांनी रक्त काढलं, छातीवर यंत्र फिरवलं. पडद्यावर गयाचं हृदय उघडझाप करत होतं आणि झडपेच्या पाकळीला काहीतरी चिकटून लोंबत होतं, शेवाळासारखं. डॉक्टरांनी तिथं बोट ठेवलं. अठ्ठावीस तारीख रद्द झाली. जंतू झडपेवर बसले होते. आधीचा ताप त्याचाच होता की थंडीचा, बारा दिवस घाण तशीच ठेवली त्यानं की सहा दात खरवडले त्यानं, ते मी पुढं बऱ्याच डॉक्टरांना विचारलं. कुणी खात्रीनं सांगत नाही.

संध्याकाळी डॉक्टर खाटेजवळ आले. हातात गयाची फाइल. सज्जन माणूस, पण त्या दिवशी चिडले होते.

"दातांची चिठ्ठी आणा म्हणून मी स्वतः लिहून दिलं होतं. दोन आठवड्यांच्या वर झाले. काय केलं इतके दिवस?"

मी तोंड उघडलं. गया माझ्याआधी बोलली.

"माझंच चुकलं, साहेब. मिसरी सुटली न्हाई. ह्यांनी लई सांगितलं, दवाखान्यात नेलं, ब्रशबी आणून दिला. मीच केलं न्हाई काही. भ्याले दुखंल म्हणून."

"आणि ताप? तोही सांगितला नाही?"

"न्हाई सांगितला ह्यांना."

डॉक्टरांनी फाइल मिटली. "स्वतःच्या जिवाची तरी पर्वा करा, बाई. हा माणूस रोज बुडवून तुमच्या मागं पळतोय." आणि जाता जाता त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "तुम्ही तुमच्याकडून केलंत."

मी मान हलवली.

ते गेल्यावर गया सलाइनच्या हातानं मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "बोलले न्हाईत ते बरं केलं. खोटं बोललो म्हणून योजनेतून नाव काढलं असतं आपलं. अन् त्या पोरीचं नाव घेऊ नका कुठं. आत्ता कुठं सुटली बिचारी."

"उद्या सांगतो साहेबांना," मी म्हणालो. "सगळं सांगतो."

"उद्या बघू," ती म्हणाली.

सकाळच्या फेरीला रोज नवा डॉक्टर असायचा. शिकाऊ पोरं, आलटून पालटून. प्रत्येक जण फाइल उघडायचा आणि तोच प्रश्न विचारायचा, दातांचं फिटनेस का नाही? आणि गया रोज तेच उत्तर द्यायची, मिसरी सुटली न्हाई, साहेब, माझीच चूक. पुढं पुढं दम पुरायचा नाही तर नुसतं "मिसरी" म्हणायची आणि स्वतःकडं बोट दाखवायची. पोरं मान हलवून लिहून घ्यायची. मी खाटेला लागून स्टुलावर बसलेला असायचो.

ती एकोणीस दिवस जगली. बोलायला मला एकोणीस सकाळी होत्या.